पेन आणि पेन्सिल सख्ख्या नव्हेत

गेल्या अंकात मी लिहिलं होतं, तुम्हाला अडलेला कुठलाही एक इंग्रजी शब्द पाठवा. पत्रं भरपूर आली, पण बऱ्याच जणांनी एक शब्द पाठवायच्या ऐवजी टोळीच पाठवली आहे. दोन-चार अक्षरं सारखी असलेले शब्द एका ओळीत, आणि खाली प्रश्न एकच: बाई, यांचं एकमेकांशी काही नातं आहे का? म्हणून या वेळी बाकीची पत्रं बाजूला ठेवली. भुसावळच्या उन्हात दुपारी घराबाहेर पडायची सोय नसतेच, तेव्हा डिक्शनरी मांडीवर घेऊन पंख्याखाली बसायला मलाही निमित्त मिळालं.

प्रश्न: बाई, मी आठवीत आहे. पेन, पेन्सिल, पेनिसिलिन, पेनिन्शुला, पेनल्टी, पेन्शन या सगळ्यांची सुरुवात पी-ई-एन अशी आहे. आमचे सर म्हणाले, पेनचं लहान रूप म्हणजे पेन्सिल. खरं का? (एक विद्यार्थिनी, पारोळा)

उत्तर: सरांना माझं नाव सांगू नकोस, पण नाही. पेन आलं लॅटिन ‘पेन्ना’वरून. पेन्ना म्हणजे पीस. पिसाचं टोक तासायचं, शाईत बुडवायचं आणि लिहायचं, अशी कित्येक शतकं गेली. ते टोक तासायचा चाकू तो पेननाइफ, म्हणजे हा पेनच्या घरातलाच. पेन्सिलचं मूळ वेगळं. ते ‘पेनिसिलम’, रंगवायचा बारीक कुंचला, आणि त्याच्याही मागे गेलं तर अर्थ निघतो छोटी शेपटी. इंग्रजीतही आधी पेन्सिल म्हणजे चित्रकाराचा कुंचलाच होता. ग्रॅफाइटची कांडी नंतर आली आणि तिने ते नाव घेतलं.

आता गंमत बघ. पेनिसिलिन मात्र पेन्सिलची जवळची नातलग आहे. त्या बुरशीचे दांडे सूक्ष्मदर्शकाखाली कुंचल्यासारखे दिसतात, म्हणून तिचं नाव पेनिसिलियम. अलेक्झांडर फ्लेमिंग यांना १९२८ साली लंडनमध्ये तिच्यातला जंतू मारणारा पदार्थ सापडला, तो पेनिसिलिन. म्हणजे तुझ्या कंपासपेटीतली पेन्सिल आणि दवाखान्यातलं ते दुखरं इंजेक्शन एका कुळातलं, आणि शेजारी खोचलेलं पेन परकं!

पेनिन्शुला तर तिसऱ्याच गावचा. ‘पेने’ म्हणजे जवळजवळ आणि ‘इन्शुला’ म्हणजे बेट. आपला ‘द्वीपकल्प’ हा शब्दही नेमका असाच घडला आहे, कारण शेवटी लागणाऱ्या ‘कल्प’चा अर्थ ‘जवळजवळ तसं’. ज्याने तो शब्द योजला त्याला मी पैकीच्या पैकी देईन. पेनल्टी दंडाच्या शब्दावरून. पेन्शन ‘पेन्डेरे’वरून, म्हणजे तोलणं, कारण पूर्वी पैसे तोलून द्यायचे. माझ्या पेन्शनीला वजन म्हणावं असं फारसं नाही, पण मूळ ते.

आपल्याकडे एका बाकावर तीन पाटील बसलेले असतात, आणि तिघांचा एकमेकांशी काही संबंध नसतो. अक्षरांचं तसंच आहे. ओळख पटवायची तर डिक्शनरीत दोन ठिकाणी बघायचं. एक, शब्दाच्या डोक्यावर छोटा आकडा आहे का. आकडा असेल तर स्पेलिंग एक आणि शब्द निराळे. पेन उघडलंस तर दिसेल: पेन १, शाईने लिहिण्याचं साधन. पेन २, मेंढ्या-डुकरं कोंडायची कुंपणाची जागा. पेन ३, हंसाची मादी. दुसरं ठिकाण म्हणजे नोंदीच्या शेवटचा कंस. पोरं अर्थ मिळाला की पुस्तक मिटतात, आणि नातं तर त्या कंसात लिहिलेलं असतं.

प्रश्न: आमचा केळीचा धंदा. खोक्यावर एक्स्पोर्ट छापतो, ट्रान्स्पोर्टवाल्याशी रोज भांडतो, पोराचा पासपोर्ट काढायला टाकलाय. हे पोर्ट-पोर्ट काय आहे? आणि रेल्वेचा पोर्टर त्यातलाच का? (एक व्यापारी, रावेर)

उत्तर: दादा, तुमच्या पत्रात सगळी वखारच आली. लॅटिनमध्ये ‘पोर्टारे’ म्हणजे वाहून नेणं. पुढचा तुकडा बदलला की दिशा बदलते. ‘एक्स’ बाहेर, म्हणून एक्स्पोर्ट म्हणजे माल बाहेर नेणं. ‘इम’ आत. ‘ट्रान्स’ पलीकडे. ‘डी’ दूर, म्हणून डिपोर्ट म्हणजे माणसाला देशाबाहेर काढणं. ‘री’ परत, म्हणून रिपोर्ट म्हणजे तिकडची खबर इकडे वाहून आणणं. सपोर्ट म्हणजे खालून उचलून धरणं. तुमच्या बागेत घडाच्या वजनाने झुकलेल्या केळीला बांबूची टेकण देता ना, नेमकं तेच. स्पोर्टसुद्धा यातलाच. मूळचा शब्द डिस्पोर्ट, मन कामापासून दूर वाहून नेणारा. पुढचा ‘डि’ गळाला आणि स्पोर्ट राहिला.

पण पासपोर्ट इथे बसत नाही. त्यातला पोर्ट म्हणजे बंदर, लॅटिन ‘पोर्टुस’. बंदरातून जाऊ देण्याचा परवाना, असा फ्रेंच शब्द. एअरपोर्ट अर्थातच बंदराकडचा. ऑपॉर्च्युनिटीही तिकडचीच, आणि हा शब्द मला फार आवडतो: गलबताला बंदराच्या दिशेने ढकलणारा वारा तो ‘ऑपॉर्च्युनस’. संधी म्हणजे योग्य बाजूने सुटलेला वारा. भाव चढलेले असताना माल तयार असला की तुम्हाला हे मी सांगायला नको. आणि हिश्श्याचा पोर्शन मात्र या दोघांपैकी कुणाचाच नाही. अक्षरं सारखी, बस.

पोर्टरची नोंद काढलीत तर डोक्यावर आकडे सापडतील. पोर्टर १, दारावरचा राखणदार. हा ‘पोर्टा’ म्हणजे दरवाजा यावरून. पोर्टर २, ओझं वाहणारा, हा ‘पोर्टारे’वरून. मोठ्या हॉटेलच्या दारातला आणि स्टेशनवरचा, दोघांना इंग्रज एकच हाक मारतात, पण घराणी दोन. काळसर बिअरलाही पोर्टर म्हणतात. अठराव्या शतकात लंडनचे हमाल ती पीत, म्हणून. आमच्या जंक्शनवरच्या हमालाला कागदोपत्री ‘लायसन्स्ड पोर्टर’ म्हणतात, २०१६ च्या रेल्वे अर्थसंकल्पात ‘सहायक’ म्हणायचं ठरलं, आणि प्लॅटफॉर्मवर गाडी लागली की आजही हाक ऐकू येते ती ‘कुली’. दंडावरचा बिल्ला तेवढा बदलला नाही.

प्रश्न: नातू इंग्रजी शाळेत जातो. नांगराला प्लाव म्हणतात आणि शेवटी ओ-यू-जी-एच लिहितात. मग टी-ओ-यू-जी-एच याचा उच्चार ताव का नाही? पोरगं मलाच विचारतं. हाई काय भानगड शे, बाई? (एक आजोबा, शहादा)

उत्तर: आप्पा, भानगडच शे. पेन्सिल घेऊन लिहा आणि मोठ्याने म्हणा: दो, थ्रू, टफ, कॉफ, बाव, थॉट, थरा. ‘तरी’, ‘मधून’, ‘चिवट’, ‘खोकला’, ‘झाडाची मोठी फांदी’, ‘विचार’, ‘पुरेपूर’. सातही शब्दांत ओ-यू-जी-एच ही चार अक्षरं याच क्रमाने आहेत आणि सातांचे उच्चार सात. मी शाळेत शिकवत होते तेव्हा पोरांना वाटायचं, इंग्रजांनी आपल्याला छळायला हे केलंय. तसं नाही, ते स्वतःही छळले जातात.

हजारेक वर्षांपूर्वी यातल्या बहुतेक शब्दांत घशात घासून निघणारा एक ‘ख’ होता. फ्रान्सकडून आलेल्या नॉर्मन राजांची राजवट आल्यानंतर फ्रेंच वळणाच्या लेखनिकांनी तो जी-एच या जोडीने लिहायला घेतला. जर्मन माणसाच्या तोंडी तो आवाज अजून आहे. इंग्रजीत रात्र नाइट, जर्मनमध्ये नाख्ट. हसणं लाफ, तिकडे लाखेन. मुलगी डॉटर, तिकडे टोख्टर, आणि आपली संस्कृतातली दुहिता याच डॉटरची बहीण. स्कॉटलंडची माणसं तळ्याला ‘लॉख’ म्हणतात तेव्हा तोच ‘ख’ ऐकू येतो. इंग्लंडात मात्र तो हळूहळू विरला. काही शब्दांत नुसताच गेला, मागचा स्वर तेवढा ताणला, जसा दो आणि थ्रूमध्ये. काही शब्दांत ओठांवर येऊन त्याचा ‘फ’ झाला, तो टफ, रफ, इनफ आणि कॉफमध्ये. गावागावाची तऱ्हा वेगळी होती, आणि लंडनच्या भाषेने इथून एक, तिथून एक असं उचललं.

बोलणं असं बदलत असतानाच विल्यम कॅक्स्टनने १४७६ मध्ये वेस्टमिन्स्टरला छापखाना घातला. छापलेलं स्पेलिंग हळूहळू पक्कं होत गेलं, आणि उच्चार पुढे दोनशे वर्षं चालतच राहिला. १७५५ मध्ये सॅम्युअल जॉन्सनची मोठी डिक्शनरी आली तोवर उशीर झाला होता. जी-एच कागदावर बसला तो बसला. अमेरिकेत नोआ वेब्स्टरने १८२८ च्या डिक्शनरीत नांगर पी-एल-ओ-डब्ल्यू असा लिहून टाकला, आणि तिकडची पोरं तेवढ्यापुरती सुटली. आपली शाळा ब्रिटिश वळणाची, तेव्हा नातवाला जी-एच लिहावाच लागेल.

त्यातही सोंगं आहेत. उचकीला हिक्कप म्हणतात आणि जुन्या पुस्तकांत शेवटी ओ-यू-जी-एच लिहिलेलं सापडतं. ते मुळातलं नव्हे. उचकी आणि खोकला जवळजवळचे वाटले, म्हणून कुणीतरी कॉफचं शेपूट तिला लावलं. बोलताना मात्र सगळे ‘कप’च म्हणत राहिले. आता बहुतेक डिक्शनऱ्या साधं यू-पी लिहा म्हणतात. डिलाइटमधला जी-एचसुद्धा लाइटच्या संगतीने घुसलेला. त्याच्या फ्रेंच पूर्वजात तो नव्हता.

शेतकऱ्याच्या कामाचा एक शब्द सांगते. एस-एल-ओ-यू-जी-एच. डिक्शनरीत याला दोन आकडे आहेत. स्लाव १, चिखल-दलदल. स्लफ २, सापाने टाकलेली कात. स्पेलिंग एक, अर्थ दोन, आणि उच्चारही दोन. तुम्ही बांधावर कात बघितली की नातवाला दाखवा आणि स्लफ म्हणायला लावा, मग तो विसरणार नाही. टफ-कॉफ पाठ व्हायला मी पोरांना एक वाक्य द्यायचे: बावखाली प्लाव, ट्रॉफवर बैल, बैलाला कॉफ. ट्रॉफ म्हणजे गव्हाण. वाक्याला अर्थ नाही, पण परीक्षेत आठवतं.

प्रश्न: हिस्टरी म्हणजे ‘हिज स्टोरी’, बायकांना त्यात जागाच नाही, असं आमच्या कॉलेजात एका वक्त्यांनी सांगितलं. (एक विद्यार्थिनी, जळगाव)

उत्तर: टाळ्या मिळाल्या असतील. ग्रीक ‘हिस्टोरिया’ म्हणजे चौकशी करून मिळवलेली माहिती. त्यात ‘हिज’ कुठेच नाही. स्टोरी मात्र खरोखर हिस्टोरियाचीच झिजलेली लेक आहे, म्हणजे वक्त्यांचं अर्धं बरोबर. इतिहासात बायकांना जागा मिळाली नाही ही तक्रार खरी आहे, ती मांडायला स्पेलिंगची गरज नाही. जाता जाता: फीमेलमधला ‘मेल’ही मूळचा नाही. लॅटिन ‘फेमेला’, म्हणजे लहानशी बाई. मेलच्या शेजारी राहून तिचं स्पेलिंग बदललं. वूमनमधला मॅन मात्र खरा, पण तेव्हा त्याचा अर्थ पुरुष नव्हता, माणूस होता.

प्रश्न: स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करतो. अभ्यासिकेत एक कोडं फिरतंय: शेवटी जी-आर-वाय येणारे इंग्रजी शब्द तीनच. अँग्री, हंग्री, आणि तिसरा? आठवडाभर कुणाला सापडलेला नाही. (एक परीक्षार्थी, धुळे)

उत्तर: आठवडा फुकट गेला, भो. हे कोडं अमेरिकेत १९७५ पासून फिरतंय आणि तिथेही लोकांनी असेच आठवडे घालवले. रोजच्या वापरातला तिसरा शब्द नाहीच. मुळात जी-आर-वाय असा प्रत्ययच नाही. अँगर अधिक वाय, हंगर अधिक वाय. जी-आर मुळाचे, वाय तेवढा प्रत्यय. अँगरचं मूळ जुन्या नॉर्स, म्हणजे उत्तर युरोपातल्या जुन्या भाषेत, हंगर घरचा इंग्रजी.

पण मोठी डिक्शनरी चाळलीत तर कोपऱ्यात दोन सापडतात. एक ॲग्री, दोन जी असलेला: पश्चिम आफ्रिकेत सापडणारे जुने रंगीत काचमणी. आणि दुसरा वाचून हसू येईल: पग्री. व्याख्या अशी की उन्हाच्या टोपाभोवती गुंडाळून मागे सोडायचं पातळ कापड. ही आपली पगडी. हिंदुस्थानात आलेल्या गोऱ्या साहेबांना ऊन लागायला लागलं, त्यांनी पगडी टोपाला गुंडाळली आणि शब्द खिशात घालून घरी नेला. स्पेलिंग पाच-सहा तऱ्हांनी होतं, त्यातलं एक जी-आर-वाय. तेव्हा अभ्यासिकेत जाऊन सांगा की तिसरा शब्द तुमच्या आजोबांच्या डोक्यावर होता.

प्रश्न: कॉट, कॉटन, कॉटेज, ॲप्रिकॉट. सी-ओ-टी सगळ्यांत. आमचा कापसाचा पट्टा, म्हणून कॉटनपासून सुरुवात करा. (एक वाचक, चोपडा)

उत्तर: कॉटन अरबी ‘कुत्न’वरून, फ्रेंचमार्गे. कापूस आपल्याकडे हजारो वर्षांपासून पिकतो, नाव मात्र त्यांनी व्यापाऱ्याच्या तोंडचं घेतलं. कॉटला दोन आकडे आहेत. एक, झोपडी, जुन्या इंग्रजीतला शब्द; त्याच्यावरून कॉटेज. दुसरा, हलका पलंग, आणि कंसात लिहिलंय: हिंदी ‘खाट’. सतराव्या शतकात ईस्ट इंडिया कंपनीच्या माणसांनी उचललेला. आता चक्कर बघा. खाट इंग्रजीत जाऊन कॉट झाली, आणि आपण फर्निचरच्या दुकानात जाऊन ‘लोखंडी कॉट दाखवा’ म्हणतो. घरी अंगणात खाट आहे आणि आत कॉट आहे, आणि दोन्ही एकच.

ॲप्रिकॉट याहून हिंडलेला. लॅटिनमध्ये ‘लवकर पिकणारं’ अशा अर्थाचा शब्द, तो ग्रीकांकडून अरबांकडे गेला, ‘अल’ लावून स्पेनमध्ये आला, तिथून इंग्लंडात. शेवटचा कॉट हा त्या प्रवासातली झीज आहे. आणि शिवणारे विचारतील म्हणून सांगते, टेरीकॉटमधला कॉट पलंगाचा नाही, कॉटनचा. टेरिलीन आणि कॉटन यांची दोन टोकं जोडून केलेला शब्द.

प्रश्न: मुंगसाला इंग्रजीत माँगूस, शेवटी गूस. अनेकवचन माँगीस होतं का? (एक शिक्षिका, साक्री)

उत्तर: नाही. गूसचं गीस होतं, कारण तो जुना इंग्रजी शब्द आहे आणि त्याला ती जुनी खोड आहे. माँगूसमध्ये गूस नाहीच. तो मराठी ‘मुंगूस’ आहे. मोठ्या डिक्शनऱ्यांत कंसात ‘मराठी’ असं स्पष्ट छापलंय, आणि ते मी दर वर्षी वर्गात फळ्यावर लिहायचे. ऐकून लिहिताना इंग्रजांनी ओळखीच्या पक्ष्याचं स्पेलिंग चिकटवलं, एवढंच. अनेकवचन माँगूसेस. असंच बँडिकूट, म्हणजे घूस. शेवटी कूट दिसतो, आणि कूट म्हणजे हतनूर धरणाच्या पाण्यावर दिसतो तो कपाळावर पांढरा टिळा असलेला काळा वारकरी पक्षी. संबंध शून्य. बँडिकूट तेलुगू ‘पंदिकोक्कु’वरून, म्हणजे डुकरासारखा उंदीर. घूस ज्याने पाहिली असेल तो तेलुगू माणसाला मान डोलावेल.

प्रश्न: मध्ये एखादा ठरावीक अक्षरांचा तुकडा असलेले सगळे शब्द कसे शोधायचे? यादी द्याल का? (चार-पाच जणांची पत्रं)

उत्तर: यादी देणार नाही, पानं पुरणार नाहीत. नेहमीची डिक्शनरी पहिल्या अक्षरापासून लावलेली असते, म्हणून मधला तुकडा तिच्यात शोधता येत नाही. शेवटचा तुकडा हवा असेल तर उलट्या क्रमाने लावलेल्या डिक्शनऱ्या असतात. जॉन वॉकर नावाच्या इंग्रजाने १७७५ सालीच यमकं जुळवणाऱ्यांसाठी अशी एक केली होती. आता मोबाइलवरच्या कित्येक डिक्शनऱ्यांत तुकड्याच्या आगेमागे फुली, म्हणजे तारांकित चिन्ह, टाकलं की ओळीने शब्द येतात. आले की नुसते उतरवून पाठवू नका. एकेकाचा कंस वाचा, आणि ज्याचा कंस वाचूनही उलगडा झाला नाही तेवढाच मला लिहा.